मोठ्या बाई चुकल्या

माझी वहिनी चुकायची, हे आमच्या साऱ्या गल्लीला माहीत होतं. चुकणं हा तिचा धंदाच होता म्हणा ना. सकाळी ती जमिनीवर खडूने तीन घरं काढायची, एक गोलाचं, एक चौकोनाचं, एक त्रिकोणाचं. भोवती तीन-चार वर्षांची पोरं मांडी घालून बसायची. मग ही बाई लाकडाचा त्रिकोण हातात घेऊन, अगदी न्यायाधीशासारखं तोंड करून, तो चौकोनाच्या घरात नेऊन ठेवायची. की झालंच. "चुकलं! मोठ्या बाई चुकल्या!" असा कल्ला व्हायचा की शेजारचं झोपलेलं बाळ उठावं. वहिनी कपाळावर हात मारून घ्यायची. "अगं बाई, हा भलत्याच घरी जेवायला बसला की!" आणि त्रिकोणाला उचलून त्याच्या घरी पोचवायची. मग गोल घ्यायची, आणि तो कुठे ठेवते ते बघायला पोरं श्वास रोखून बसायची.

खेळाचा नियम एकच होता. चुकलं तर ओरडायचं, बरोबर असेल तर गप्प बसायचं. कोणी ओरडलं नाही म्हणजे बरोबर, चला पुढे. मी एकदा तिला म्हटलं होतं, बरोबर आल्यावर टाळ्या वाजवायला लावल्या तर काय बिघडेल? ती म्हणाली, "टाळ्या वाजवायच्या म्हटल्या की पोरं शेजाऱ्याकडे बघून वाजवतात. चूक धरायची म्हटलं की आकाराकडे बघावं लागतं." मी पुन्हा तो विषय काढला नाही. तिच्याशी वाद घालून मी आजवर एकदाही जिंकलेली नाही.

आमच्या घराची पुढची मोठी खोली म्हणजे बालवाडी आणि मागची दादाचं सुतारकामाचं दुकान. मधल्या भिंतीतून दिवसभर करवतीचा आवाज येतो. काही पोरांना तर त्याशिवाय झोप लागत नाही. वर्गातले सगळे आकार दादाने केलेले, उरल्यासुरल्या फळ्यांचे. कडा इतक्या घासलेल्या की तोंडात घातले तरी चालावेत, आणि पोरं ते घालतातच. मी दादाची धाकटी बहीण, म्हणजे वर्गातल्या छोट्या बाई. वहिनी या घरात आली तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते. आई नव्हती, त्यामुळे माझी वेणी, माझा अभ्यास, माझी दुखणीखुपणी सगळं तिच्याच पदरात पडलं. 'ठिणगी' हे नाव तिनेच ठेवलं, कारण मी कशावरूनही पेटायची. अजूनही पेटते. मी लग्न केलं नाही ते बरंच झालं, एक घर जळायचं वाचलं, असं दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो.

आकार शिकवायची वहिनीची रीत पुस्तकातली नव्हती. डोळे मिटून बोट कडेवरून फिरवायचं आणि कोपरा लागला की म्हणायचं, "टोच!" टोच, टोच, टोच, म्हणजे त्रिकोण. एकही टोच लागली नाही तर गोल. भिजवलेल्या वाटाण्यांत काड्या खोचून पोरं त्रिकोण बांधायची, चौकोन बांधायची आणि मग वाटाणे खाऊन टाकायची. लांब दोरीची टोकं बांधून सगळ्यांनी ती धरायची. तिघांनी मागे ओढली की मध्ये त्रिकोण उभा राहायचा, चौघांनी ओढली की चौकोन, आणि सगळ्यांनीच ओढली की गोल, नाहीतर मारामारी. फळ्यावर काढून दाखवलेला आकार पोरं घरी जाईपर्यंत विसरतात. हे मात्र विसरत नव्हती. मोठ्या शाळेत गेलेली पोरंही रस्त्यात भेटली की खांबाच्या कोपऱ्याला बोट लावून "बाई, टोच!" म्हणायची.

वर्गात एक मुलगी आहे, तिला आम्ही भोंगा म्हणतो. चण चिमणीएवढी आणि आवाज असा की दादा करवत थांबवून विचारतो, "काय झालं?" खेळात सगळ्यात आधी ओरडणारी तीच. बाकीची पोरं तिच्यामागे सूर धरतात. मग एका आठवड्यात तापाची साथ आली, भोंगा आणि तिच्यासारखी दोन-चार बोलभांड पोरं घरी राहिली. वर्गात उरली ती नुकतीच आलेली, अजून आईच्या नावाने मुसमुसणारी लाजाळू मंडळी.

वहिनीने नेहमीप्रमाणे घरं काढली. त्रिकोण उचलला आणि गोलाच्या घरात ठेवला. कोणी ओरडलं नाही. मी खिडकीपाशी वाटाणे निथळत होते, मला वाटलं आता ती डोळे मोठे करून पोरांना चिथावेल, तशी तिची रीत होती. ती म्हणाली, "शाब्बास," आणि चौकोन उचलून त्रिकोणाच्या घरात ठेवला. मग गोल चौकोनाच्या घरात. तिन्ही आकार परक्या घरी, आणि ही बाई खडूचे हात झटकून म्हणते, "झालं. आता छोट्या बाई वाटाणे देतील."

"चुकलं!" मी हसत ओरडले. "मोठ्या बाई चुकल्या!"

ती दचकली. खाली बघितलं, चौकोन उचलला आणि गोलाच्या घरात, तिथल्या त्रिकोणाशेजारी ठेवला. मग तिने माझ्याकडे बघितलं. आकारांकडे नाही, माझ्या तोंडाकडे. मी पुन्हा "चुकलं" म्हटलं, पण या वेळी मला हसू आलं नाही. तिने चौकोन पुन्हा उचलला आणि चौकोनाच्या घरात ठेवला. पुन्हा माझ्या तोंडाकडे बघितलं. मी गप्प राहिले. तेव्हा तिने श्वास सोडला आणि म्हणाली, "हं. बरोबर."

वाटाण्यांचं भांडं हातात तसंच होतं आणि एक पोरगा माझा पदर ओढून विचारत होता, "बाई, खायचे का आता?"

त्या दिवसापासून मी तिच्यावर पाळत ठेवली, असंच म्हणायला हवं. आणि मग एकेक दिसत गेलं. स्वयंपाकघरात एकाही डब्यावर त्याचं झाकण नव्हतं. मी महिनोन् महिने तिच्यावर त्यावरून खेकसत होते, "वहिनी, डोकं कुठे असतं गं तुझं?" उशीला अभ्रा घालताना ती उशी आडवी करी, उभी करी आणि शेवटी तशीच ठेवून देई. पूर्वी खेळात ती चार वेळा बरोबर ठेवायची आणि मध्येच एकदा चुकायची, तेव्हाच तर गंमत होती. अलीकडे ती सारखीच चुकत होती आणि पोरं आनंदाने वेडी होत होती. कुठल्या आईला तक्रार करायला सुचणार? मलाही सुचलं नव्हतं, आणि मी तर दिवसभर तिच्या शेजारी असते.

संध्याकाळी मी दादाच्या दुकानात गेले. तो एक फळी घासत होता.

"दादा, वहिनीला काहीतरी होतंय. तिला आकार ओळखता येत नाहीत."

"खेळ आहे तो तिचा," तो मान वर न करता म्हणाला. "वीस वर्षं झाली, तुला अजून कळला नाही?"

"खेळ नाहीये. माझ्या तोंडाकडे बघून ठेवत होती."

"दमली असेल. तू पण ना, उचलली जीभ लावली टाळ्याला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "डोळ्यांवर कातडं ओढून घेऊ नकोस, दादा! तुला घरात दिसत नाही का काही?" असं म्हणता म्हणता माझं लक्ष त्या फळीवर गेलं. फळीला तीन भोकं होती, एक गोल, एक चौकोनी, एक त्रिकोणी. शेजारी आकार रचून ठेवलेले, आणि प्रत्येक आकार आपापल्याच भोकात बसेल असा बेताचा घासलेला.

"हे काय?"

"पोरांसाठी करतोय."

"पोरांना आजवर कधी लागलं नाही हे. खडूच्या घरांवर भागत होतं की."

"बसलं नाही की लगेच कळतं तिला," दादा म्हणाला आणि मग घाईघाईने, "म्हणजे पोरांना."

तो आधीच गुळगुळीत झालेली कड उगाचच घासत राहिला. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त दया आली. आमच्या दादाला रडता येत नाही, तो लाकूड घासतो. शेवटी तो म्हणाला, "इतक्यात कोणाला काही बोलू नकोस, ठिणगे. झाकली मूठ सव्वा लाखाची. वर्ग गेला तर ती करेल काय दिवसभर?"

मी जीभ आवरली. आयुष्यात जिथे आवरायला हवी होती तिथे कधी आवरली नाही, आणि नको तिथे आवरली.

भोकांची फळी वर्गात आली. वहिनी तिच्यावर खूश होती. आकार भोकावर ठेवायचा, नाही गेला तर पुढच्या भोकावर. कोणी ओरडायची गरजच नाही. साथ ओसरून भोंगा परत आली होती. ती पुढेच बसून सगळं बघत होती आणि तिचं तोंड उतरत चाललं होतं.

"मोठ्या बाई," ती शेवटी म्हणाली, "हे चुकतच नाही."

"मग चांगलं आहे की," मी घाईने म्हटलं.

"पण मग आम्ही काय करायचं?"

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने फळी उचलून भिंतीला टेकवून ठेवली, खडू घेतला आणि जमिनीवर घरं काढायला बसली. तिचा चौकोन एका बाजूने उघडाच राहिला. मी मध्ये पडायला गेले, तर मला म्हणाली, "असू दे गं. पोरांना त्यात मजा येत नाही. नुसतं भोकात घालायला काय, बोट न लावताही जमतं." ती खरं तेच बोलत होती. ती शिक्षिका होती आणि तिच्यातली शिक्षिका अजून शाबूत होती. त्या वेळी मी पोरांना चौकोनाची चौथी बाजू काढायला लावली, आणि त्यांना वाटलं तोही खेळच.

महिन्यातून एकदा आम्ही आकार शोधायला बाहेर जायचो. दोरीला गाठी मारलेल्या, प्रत्येक पोराने एकेक गाठ धरायची. पुढे वहिनी, मागे मी. दारातून डावीकडे, सायकलवाल्याच्या दुकानावरून टाकीच्या कोपऱ्यापर्यंत आणि तसंच परत. गटाराचं झाकण गोल, फाटकाची दारं चौकोनी, धोक्याची पाटी त्रिकोणी. या वेळी मी मनाशी ठरवलं होतं की पुढे मीच राहायचं आणि वहिनीला मागे ठेवायचं. पण दारातच एका पोराने चड्डी ओली केली आणि भोकाड पसरलं.

"वहिनी, थांब इथेच. मी आलेच याला बदलून."

"हो, हो," ती म्हणाली.

दारात दोरी धरून उभ्या केलेल्या पोरांना थांबवणं म्हणजे उतू जाणाऱ्या दुधाला थांब म्हणणं. मी चड्डी बदलून बाहेर आले तर दारात कोणी नव्हतं. मी पोराला कडेवर घेऊन डावीकडे धावले. टाकीच्या कोपऱ्यावर कोणी नाही. परत आले, सायकलवाल्याला विचारलं.

"मोठ्या बाई ना? त्या काय, तिकडे गेल्या," त्याने उजवीकडे हात केला. "पोरं काय हसत होती हो! तुमच्याकडे मजा असते बुवा."

उजवीकडे गल्ली संपली की मोठा रस्ता. तिथून मालाचे ट्रक जातात, दिवसभर, एकामागून एक. मी कडेवरच्या पोराला सायकलवाल्याच्या हातात कोंबलं आणि पळत सुटले. गल्लीच्या वळणावरच मला ऐकू आलं.

"चुकलं! चुकलं! मोठ्या बाई चुकल्या!"

असा आनंदाचा आवाज मी आजही ऐकला तर मला घाम फुटतो. वहिनी फुटपाथच्या कडेला उभी होती, हातात दोरीचं टोक. मागे दोरीवर सगळी पोरं, पहिल्या गाठीवर भोंगा. वहिनीने एक पाय रस्त्यावर ठेवला. पोरं ओरडली, "चुकलं!" तिने हसत पाय मागे घेतला, वळली, कडेकडेने दोन पावलं गेली आणि पुन्हा रस्त्याच्या दिशेने पाय टाकला. पुन्हा "चुकलं!" ट्रकवाला हॉर्न वाजवत, शिवी देत गेला. पोरं त्या आवाजालाही हसली. तिला अडवणारं तिथे दुसरं काही नव्हतं, तो कल्लाच तेवढा होता. पोरं दमून गप्प झाली असती तर ती बरोबर समजून पुढे गेली असती, आणि सगळी दोरी तिच्यामागे.

मी तिचा दंड धरून तिला मागे खेचलं. दोरीचं टोक सोडवायला गेले तर तिची मूठ उघडेना. तळवा घामाने चिंब झाला होता. ती हसत होती.

"आलीस?" ती म्हणाली. "बघ ना, आज पोरं किती ओरडताहेत."

दुपारी आया न्यायला आल्या. भोंगा आईच्या अंगावर उडी मारून म्हणाली, "आज मोठ्या बाई रस्तापण चुकल्या!" तिची आई खळखळून हसली. "तुमच्या बाई म्हणजे ना!" मग मला म्हणाली, "घरी पण हेच चालू असतं हो हिचं. सगळं मोठ्या बाईंचं." मीही हसले. त्या हसण्याची मला इतकी लाज वाटली की दार लावून घेतल्यावर मी काही वेळ कडीला तशीच धरून उभी राहिले. त्या बाईने तिची लेक आमच्या भरवशावर सोडली होती.

वहिनी चटईवर बसून आकार गोळा करत होती. मी तिच्यासमोर बसले. पलीकडे करवत थांबली होती. दादा भिंतीआडून ऐकत होता, हे मला माहीत होतं.

"वहिनी, तू आज मुद्दाम चुकलीस का?"

ती एक लाकडी तुकडा हातात घेऊन त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. टोच. टोच. टोच. मग पुन्हा पहिल्यापासून.

"मुद्दाम चुकायला बरोबर काय ते आधी ठाऊक लागतं गं," ती म्हणाली. "ते कधी गेलं मला कळलंच नाही. एक दिवस हातात हे घेतलं आणि कुठे जायचं ते आठवेना. मी ठेवलं कुठेतरी. पोरं ओरडली. मग दुसरीकडे ठेवलं, तर गप्प झाली. मला वाटलं, चला, निभावलं." ती थोडं हसली. "तेव्हापासून पोरंच शिकवताहेत मला."

मी तिला सांगायला हवं होतं की तू घाबरली असशील, एकटी पडली असशील. त्याऐवजी मी पेटले. "मला सांगता आलं नाही? मला? मी काय मेले होते का?"

"तू ओरडतेस," ती म्हणाली. अगदी साधं, तक्रार नसल्यासारखं.

मग मीच रडले आणि तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, माझे दुधाचे दात पडायचे तेव्हा ठेवायची तसा. रडून झाल्यावर मी तिला सांगितलं. परवा डॉक्टरांकडे जायचं, आणि तोवर तिने वर्गावर यायचं नाही. एकटीने तर नाहीच. दादा दारात येऊन उभा होता.

"वर्गात बसू तर दे," ती म्हणाली. "पोरांच्यात. मागे. मी काही करणार नाही."

"आधी डॉक्टर."

"ते काही विचारतील. माझं चुकेल तिथे."

"चुकू दे. मी आहे ना."

"ओरडशील ना?" तिने माझा हात धरला. "मी चुकले की लगेच ओरडायचं. मला कळू दे. नाहीतर मी आपली बरोबर समजून पुढे जाते."

"ओरडीन," मी म्हटलं. "माझ्याइतकं मोठ्याने ओरडणारं आहे का कोणी या गल्लीत?"

"भोंगा आहे," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. तिने खडू माझ्या हातात दिला आणि उठून आत गेली. आत जाताना दोन दारांपुढे थांबली, मग दादाने तिला धरून नेलं.

डॉक्टरीणबाई बोलायला चांगल्या होत्या. दादा बाहेरच्या बाकावर बसला, त्याला आत यायचं धैर्य झालं नाही. मला त्यांनी वहिनीशेजारची खुर्ची दिली आणि सांगितलं, "तुम्ही बसा, पण मध्ये बोलायचं नाही. खुणा नाहीत, मान हलवायची नाही. त्यांचं त्यांना करू द्या, नाहीतर मला कळणार नाही." मी हो म्हटलं. तेव्हा मला वाटलं होतं, त्यात काय मोठं.

आज वार कोणता ते वहिनीने सांगितलं. काही शब्द लक्षात ठेवायला दिले होते, त्यांतला एकच तिला आठवला. मग डॉक्टरीणबाईंनी एक कागद पुढे सरकवला. त्यावर एक त्रिकोण आणि एक चौकोन काढलेले होते, एकमेकांत थोडे अडकलेले. शेजारची जागा कोरी होती. "याच्यासारखंच इथे काढायचं."

वहिनीचा चेहरा उजळला. "हे तर आमचं रोजचंच!" ती मला म्हणाली, आणि मग डॉक्टरीणबाईंना, "मी हेच शिकवते. किती पोरं गेली माझ्या हाताखालून."

"मग तर सोपंच आहे," त्या म्हणाल्या.

वहिनीने डोळे मिटले आणि कागदावरच्या रेघेवर बोट ठेवलं. बोट सावकाश फिरवत गेली. ती टोच यायची वाट बघत होती. कागदाला कुठला आलाय कोपरा? तिचं बोट रेघ सोडून कागदाच्या कडेपर्यंत गेलं, परत आलं, पुन्हा फिरलं. डॉक्टरीणबाई काही लिहीत होत्या. शेवटी वहिनीने डोळे उघडले आणि पेन्सिल उचलली.

तिने काढलं. एक रेघ वर गेली आणि तिथेच राहिली. दुसरी तिला गाठायला निघाली आणि वाटेतच वाकडी झाली. मग एक वाटोळं काहीतरी, एका बाजूने उघडं, आणि त्याच्या पोटात एक छोटी रेघ. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि मान वर केली.

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं.

मी तिला शब्द दिला होता. माझ्या घशापर्यंत ते आलं होतं. डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं होतं आणि त्यांची नजर माझ्यावर होती. मी ओठ दातांखाली धरले, हात मांडीखाली दाबून ठेवले. वहिनी वाट बघत राहिली, भुवया थोड्या वर करून, जशी वर्गात आकार ठेवून पोरांकडे बघायची. खोलीत पंख्याचा आवाज होता. कोणी ओरडलं नाही.

हळूहळू तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि माझ्याकडे बघून हसली, किती दिवसांनी असं मोकळं हसली. मग दोन्ही हातांनी तो कागद डॉक्टरीणबाईंकडे सरकवला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "चला पुढे."